भिंतीला गोड पाणी

९ डिसेंबर

ज्या संस्थेने मला भिंत रंगवायला बोलावलंय, तिच्या प्रणाली मॅडमनी दोन वह्या दिल्या. एकीत रोज संध्याकाळी 'भिंतीशी झालेला माझा संवाद' लिहायचा आणि शेवटी ती संस्थेकडे जमा करायची. दुसरी चुकून जास्त आली होती, ती मी ठेवून घेतली. भिंतीशी जो काय संवाद व्हायचा तो पहिल्या वहीत होईल. खरं ते इथे.

तर मी मनोज. मनोज आर्ट, भातकुली. वय बावन्न. बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकुलती मुलगी अपेक्षा अकोल्याला दिली. एके काळी भातकुलीपासून चांदूर बाजारापर्यंत भिंतींवर जेवढी अक्षरं होती, त्यातली निम्मी माझ्या हातची. खतं, बियाणी, कुटुंब नियोजन, 'येथे लघवी करू नये'. मग फ्लेक्स आला. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारी पंचवीस तोंडं दोन तासांत छापून मिळायला लागल्यावर माझ्या ब्रशला कोण विचारतो? तेव्हापासून नंबरप्लेटा, आणि ट्रॉलीच्या मागे 'आईचा आशीर्वाद'. वीस वर्षं इतक्या आयांचे आशीर्वाद रंगवले, एकीचाही मला लागला नाही.

आणि आता ही भिंत. निंबोळीच्या आरोग्य उपकेंद्राची मागची बाजू. चाळीस फूट लांब, बारा फूट उंच, गेल्या वर्षीच बांधलेली. विषय : आपली संस्कृती, आपलं आरोग्य, आपल्या पूर्वजांचं शहाणपण. तिन्ही एकाच भिंतीत कोंबायचं आहे. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. माझा मुक्काम नर्सबाईंच्या क्वार्टरमध्ये. त्या अमरावतीहून जाणं-येणं करतात, त्यामुळे क्वार्टरची प्रकृती उत्तम आहे.

खोटं कशाला लिहू, भिंत पाहून हात शिवशिवले. माझ्या बाकीच्या सगळ्या भिंती पडल्या, नाहीतर लोकांनी वरून रंग मारला. ही एक उरली पाहिजे. माणसामागे काहीतरी उरावं, आणि माझ्याकडे उरण्यासारखं दुसरं काही नाही.

११ डिसेंबर

पुण्याहून चित्राचा नमुना आला. वारली माणसं फेर धरून नाचताहेत, मध्ये वड, वडावर मोर, खाली सूर्यनमस्काराच्या बारा अवस्था. वारली लोक इथून सहाशे-साडेसहाशे किलोमीटरवर राहतात. आमच्या पूर्वजांचं शहाणपण दाखवायला त्यांना एवढ्या लांबून बोलवावं लागलं.

पाण्याची मात्र भानगड आहे. हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखाली मीठच मीठ. माझं मूळ गाव इथून दोन कोसांवर, म्हणजे मी याच पाण्यावर वाढलोय. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पण माणूस सवयीचा आहे. रंगाला सवय नाही. बोअरच्या पाण्यात निळा कालवून पाहिला, अर्ध्या तासात दह्यासारखा फाटला.

मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या पिण्यासाठी रोज फिल्टरच्या पाण्याचा जार भातकुलीहून येणारच आहे. कलाकारांच्या आरोग्याचं बजेट आहे आपल्याकडे." मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, मनाने चांगली आहे. कॉलेज पुण्याला झालं त्यामुळे 'काका' म्हणते, एरवी आमच्याकडे 'भाऊ' म्हणतात.

रोज वीस लिटर गोड पाणी. कुठल्याही भिंतीला मी इतकं चांगलं पाणी दिलेलं नाही. ठरवून टाकलं : जार रंगाला, बोअरचा हापसा मला. रंग फाटतो. माणूस फाटत नाही.

१३ डिसेंबर

भिंतीसमोर, रस्त्यापलीकडच्या ओट्यावर एक म्हातारी दिवसभर बसून माझं काम पाहते. नाव पार्बताबाई. ऐंशीच्या घरात असावी, नजर घारीची. मी वडाची आखणी करत होतो.

"काय काढून राहिला बाप्पा?"

"वड."

"इथं कुठी हाये वड?"

"चित्रात हाये, माय."

"चित्रात त हत्तीबी काढता येते. अन् हे लोकं काहून असे काड्यापेटीतल्या काड्यायवानी? जेवाले नाई भेटत का त्यायले?"

वारली कलेची एवढी नेमकी समीक्षा मी आजवर ऐकली नव्हती. पहिल्या वहीत लिहिलं : 'स्थानिक ज्येष्ठांचा प्रतिसाद उत्स्फूर्त.'

माझा दोन वेळचा डबा तिच्याच घरून येतो. रागिणी, तिची सून, करते. अडतिशीची बाई, पण चेहऱ्यावर राख चढलेली. तिचा नवरा पुण्याकडे कंपनीत वॉचमन. ती मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे गाडीत बसून अमरावतीला जाते, डायलिसिसला. आसपासच्या चार गावांतले सात जण त्या गाडीत असतात. शाळेची गाडी म्हणावं तसं लोक 'किडनीची गाडी' म्हणतात. ती आली की कोंबडे आरवतात, इतकी सवय झाली आहे.

डबा चांगला असतो, पण मीठ म्हणून नसतं. पथ्याच्या घरचा डबा, तेव्हा बोलायची सोय नाही.

१८ डिसेंबर

आज 'शहाणपण संकलन'. ग्रामपंचायतीत सतरंजी, मॅडमचा मोबाइल मध्ये रेकॉर्डिंगला, भोवती ज्येष्ठ. सरपंच पुंजारामभाऊ अध्यक्ष. पुरुष मंडळींनी पूर्वजांविषयी अर्धा तास सांगितलं : ते पहाटे उठत, खरं बोलत, शंभर वर्षं जगत. मी एकेकाचे पूर्वज पाहिलेले आहेत. दुपारी उठत.

मग मॅडमनी पार्बताबाईला विचारलं, "आजी, तुमच्या काळातलं एखादं आरोग्याचं ज्ञान सांगा ना."

"आमाले कायचं ज्ञान. एकच सांगत होती माही सासू. खालचं पाणी पेऊ नये."

"म्हणजे?"

"खालचं. जमिनीतलं. थे आंघोयीले, ढोराले, भांड्याले. पेवाचं पाणी नदीचं. नदीत बी सरकं नाई भरायचं. रेतीत हातानं झिरा खांदायचा, गुडघाभर. पाणी झिरपून येते. पयलं आलं का फेकून द्यायचं. दुसरंबी फेकायचं. तिसरं भरायचं. बायाच जात होत्या, दोन कोस. गडी कदी गेले नाईत."

"वा, किती सुंदर," मॅडम म्हणाल्या. "मग आता का नाही जात?"

म्हातारीने सरपंचाकडे पाहिलं. सरपंच छताकडे पाहत होते.

"रेतीच नाई राह्यली न, पोरी. झिरा काय हवेत खांदू?"

पुंजारामभाऊंना खोकला आला. त्यांची तीन ट्रॅक्टरं आहेत, आणि ती नदीवर पोहायला जात नाहीत. ते म्हणाले, "आता घरोघरी नळ येऊन राह्यला. बोअरले मोटर बसवली. पार्बतामाय, जुनं कायले उकरून काहाडता."

"उकरलं तं तुमी. मी नुसती सांगून राहिली."

चहा आला. सगळे हसले. मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं.

२२ डिसेंबर

दिवसभर शिडीवर उभं राहून गुडघे आणि कंबर बोलायला लागलेत. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट आणलं, सकाळी एक संध्याकाळी एक. मेडिकलवाला म्हणाला, "जेवून घेत जा." तेवढा सल्ला त्याच्याकडे फुकट आहे.

अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, तोंड सुजल्यासारखं दिसून राह्यलं तुमचं." म्हटलं, तुझ्या मोबाइलचा कॅमेरा रुंद आहे. "डोळ्याखाली पहा न." म्हटलं, बाई, कलावंताच्या डोळ्यांखाली एवढं असायचंच. संस्थेच्या बजेटमध्ये आहे ते.

वड खोडायचं ठरवलं. त्या जागी झिरा काढतो. रेती, रेतीत खोल ओंजळ, त्यात आभाळाचा तुकडा, भोवती चार बाया वाकलेल्या. त्यातली एक पार्बताबाई. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, रेतीचा उल्लेख न करता झिरा दाखवता येईल का?" म्हटलं, येईल, रंगाला बोलता येत नाही. मोर मात्र राहू द्या म्हणाल्या, मोर मंजूर झालेला आहे.

३ जानेवारी

पार्बताबाई समोर बसली आणि मी तिचा चेहरा काढला. चार तास. आयुष्यात मी माणसांचे चेहरे फार काढलेले नाहीत. अक्षरांना सुरकुत्या नसतात. पण हा जमला. शिडीवरून उतरून दहा पावलं मागे गेलो आणि माझं मलाच खरं वाटेना. हल्ली दमही लागतो, शिडीच्या सात पायऱ्यांत दोनदा थांबतो. रंगाचा वास छातीत बसला असेल.

म्हातारी मात्र चित्राकडे न पाहता माझ्या पायांकडे पाहत होती.

"चप्पल काहून नाई घातली?"

"घट्ट होऊन राह्यली. आटली असंन, माय."

"इकडं ये."

तिने अंगठा माझ्या नडगीवर दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला. आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे पाहत बसलो. तो भरायचं नाव घेईना.

"रागिणीचे पाय असेच झालते, पयल्या साली," ती म्हणाली. "शुक्कुरवारच्या गाडीत जाय तिच्यासंगं. दाखवून ये."

म्हटलं, माय, दिवसभर उभा असतो मी, उभ्या माणसाचं रक्त पायातच उतरणार. सव्वीस जानेवारी होऊ दे, मग जातो.

"सव्वीस जानेवारीले काय झेंडा तुयाच पायावर लावाचा हाये का?"

घरी येऊन, म्हणजे क्वार्टरमध्ये येऊन, मीही अंगठा दाबून पाहिला. पडतो खड्डा. मातीत बोट दाबल्यासारखा. उद्या उजव्या बाजूचं आभाळ पुरं करायचं आहे.

१२ जानेवारी

सरपंच भिंत पाहायला आले. खिशात हात घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "सगळं छान हाये पेंटर. पण यात विकास कुठी हाये?"

"कोणता विकास?"

"बोअर. मोटर. आमी केला थो."

मॅडमनी फोनवर तडजोड काढली. झिऱ्याच्या शेजारी एक बोअरचा पंप, त्यातून उसळणारी निळी धार, आणि बटण दाबणारी एक 'प्रातिनिधिक व्यक्ती'. प्रातिनिधिक व्यक्तीला पुंजारामभाऊंच्या मिशा आहेत. खालचं पाणी पिऊ नये असं सांगणारी बाई, आणि तिच्या शेजारी खालचं पाणी वर काढणारा माणूस. एकाच भिंतीवर, एकमेकांकडे पाठ करून. हे पुण्याच्या नमुन्यापेक्षा खरं आहे.

अंगाला खाज सुटते आहे. हिरव्या रंगात काहीतरी भेसळ असावी.

२० जानेवारी

आज रागिणीने मला पकडलं. ती डबा घेऊन आली तेव्हा मी जार वाकडा करून रंगाच्या बादलीत पाणी ओतत होतो, आणि बाजूला हापशाचा तांब्या माझ्यासाठी भरलेला.

"भाऊ, थे जारचं पाणी हाये न?"

"हाव."

"थे रंगात टाकून राहिले?"

मग मी तिला माझी युक्ती समजावली. रंग कसा फाटतो, गोड्या पाण्यात कसा बसतो, या भिंतीला वीस वर्षं काही होणार नाही, वगैरे. बोलताना मला फार हुशार वाटत होतं. ती ऐकत होती. ऐकताना तिची नजर बादलीवर होती. बादलीत निळा रंग फिरत होता.

"मले दिवसाचं एक लिटर सांगतलं हाये," ती म्हणाली. "पाणी, चहा, वरण, सगळं मिळून. सकाळी बाटली भरून ठेवतो. आत्याबाई पाह्यतात चोरून पेतो का. उन्हायात त मी बर्फाचा तुकडा चघळतो." मग म्हणाली, "तुमी पिऊ शकता अजून, तवर चांगलं प्या न."

मी म्हटलं, हे सात दिवस जाऊ दे. आणि विषय बदलायला डब्यातल्या मिठाची तक्रार केली, थट्टेने.

"मीठ त बरोबर असते भाऊ. आत्याबाई तेच खातात. त्यायले त आज खारट लागलं."

तिच्या सासूची जीभ वयाने गेली असणार. तसं मी बोललो नाही.

२६ जानेवारी

उद्घाटन. मंडप झिऱ्यासमोरच घातला, त्यामुळे झिरा पाहुण्यांच्या डोक्यांमागे गेला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की आपले पूर्वज निसर्गाशी एकरूप होते. त्यांच्या हातात बाटलीबंद पाणी होतं. प्रणाली मॅडमनी माझ्या नावाचा उल्लेख केला, टाळ्या पडल्या. पाहुणे गेल्यावर मंडपाचं कापड सोडवलं आणि फोटोग्राफरने शिडीवर चढून पूर्ण भिंतीचा एकसंध फोटो काढला. फार छान आला आहे.

भिंतीच्या कोपऱ्यात मी सही केली : मनोज आर्ट, भातकुली.

सकाळी दोनदा उलटी झाली, पोहे शिळे असावेत. बाकी कुणाला काही झालं नाही, पण बाकी कुणी माझ्याइतका राबलेलाही नाही.

९ फेब्रुवारी

भातकुलीला घरी होतो. रागिणीचा फोन आला. "भाऊ, भिंतीले काहीतरी होऊन राह्यलं. येऊन पाहा."

एसटीने गेलो. पार्बताबाईच्या गुडघ्यावर, चित्रातल्या, मूठभर पांढरं. आधी वाटलं कुणी पोराने खडू घासला. फडक्याने पुसलं, निघालं. मागे रंगही निघाला. झिऱ्याच्या पाण्यात तेच. आभाळात तेच. पंपाच्या धारेत तर फेस आल्यासारखं. बोटावर घेऊन चाटलं.

मीठ. भिंतीला लोणा फुटला आहे. आतलं मीठ वर येतं आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पंधरा-वीस दिवसांत माझ्या जिभेला चव लागलेली ही पहिली वस्तू.

१८ फेब्रुवारी

चार दिवस इथेच. घासतो, गोड्या पाण्याने धुतो, सुकवतो, प्रायमर लावतो, रंग देतो. जार आता माझ्या खर्चाने आणतो. सकाळी पाहावं तर रंगाखालून पापुद्रे उठलेले, चित्रातल्या चारही बायांच्या अंगावर कोड फुटल्यासारखं. मी काय चुकलो ते रागिणीने उपकेंद्राच्या गवंड्याला विचारून काढलं. वीट त्याच पाण्याने भिजवली. सिमेंट त्याच पाण्यात कालवलं. प्लास्टरवर एकवीस दिवस तेच पाणी मारलं. तीस वर्षं भिंती रंगवतोय, याच मुलखात जन्मलोय, आणि भिंत काय प्यायली आहे हे मी विचारलं नाही. मी फक्त रंगाचं पाहिलं.

पार्बताबाई ओट्यावरून उठून जवळ आली. तिने चित्रातल्या स्वतःकडे पाहिलं. अर्धा चेहरा अजून शाबूत आहे.

"राहू दे पेंटर."

"लोणा जाईन, माय. आणखी दोन हात दिले का थांबंन."

"कायचं थांबते. भिंतीनं थे आंगात पेलेलं हाये. वरून तोंड धुतलं त काय होते?"

मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसलो. वर जायला छाती साथ देईना, खाली यायला लाज वाटली. म्हातारी शिडी धरून उभी राहिली, मी उतरेपर्यंत.

४ मार्च

मंगळवार. किडनीच्या गाडीतून अमरावतीला गेलो. रागिणीबरोबर नेहमी जाणारा नात्यातला माणूस लग्नाला गेला होता, म्हणून सोबत म्हणून गेलो. असं मी अपेक्षाला सांगितलं. पार्बताबाईने आदल्या दिवशी गाडीवाल्याला माझी जागा सांगून ठेवली होती हे मला नंतर कळलं.

रागिणी आत गेली तेव्हा मी गुडघा दाखवायला ओपीडीत बसलो. डॉक्टर पोरगेलासा, टेबलावर ढीग. त्याने गुडघ्याकडे पाहिलंच नाही. डोळ्यांखालची कातडी खाली ओढली, नडगीवर अंगठा दाबला. पार्बताबाईसारखाच.

"गाव कोणतं?"

सांगितलं. त्याने मान हलवली, जणू मी आडनावच सांगितलं होतं.

"पाणी कुठलं पिता?"

"बोअरचं."

"फिल्टर वगैरे नाही मिळत तिकडे?"

"मिळते. थे भिंतीले दिलं."

डॉक्टर हसला नाही. एरवी माझं बोलणं ऐकून लोक हसतात, त्यामुळे मी जरा थांबलो. दुखण्याच्या गोळ्या किती खाल्ल्या ते त्याने विचारलं. मी पाकिटं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग रक्त घेतलं, पोटावरून यंत्र फिरवलं. दुपारी कागद आला. त्यावरचा आकडा त्याने पेनने दोनदा गोल केला. किडन्या दोन्ही लहान झाल्यात म्हणाला, आटल्यात. हे वर्षानुवर्षांचं आहे, गोळ्यांनी घाई केली. मी विचारलं, परत होतील का? तो म्हणाला, "काका, तुम्ही उशिरा आलात." डायलिसिसला आठवड्यातून दोनदा यावं लागेल.

परतताना रागिणीने मला खिडकी दिली. "पयल्या दिवशी समदे भाईर पाहत जातात," ती म्हणाली. मी बाहेर पाहत आलो. बाहेर काही नव्हतं.

२१ मार्च

प्रणाली मॅडम आल्या. आधी मला पाहून रडल्या, मग भिंत पाहून. भिंतीला जास्त वेळ लागला, पण ती मोठीही आहे.

पुढल्या महिन्यात देणगीदारांची भेट आहे. भिंत अशी दाखवता येणार नाही, आणि नाही दाखवली तर पुढच्या सहा गावांच्या भिंती जातील. त्या बराच वेळ माझ्याकडे न पाहता बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काका, आपल्याकडे उद्घाटनाचा तो फोटो आहे ना. हाय रिझोल्यूशन. त्याचा फ्लेक्स करून वर लावला तर? तुमचंच काम आहे ते. नाव पण येईल खाली."

मी म्हटलं, लावा.

वीस वर्षांपूर्वी फ्लेक्सने माझं पोट काढून घेतलं तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या होत्या. तेव्हा मला वाटलं होतं याहून जास्त तो काय करणार.

११ एप्रिल

चाळीस बाय बाराचा फ्लेक्स लागला. चौकट, तारा, कड्या. रंग माझ्या रंगांपेक्षा चमकदार. फोटोत कोपऱ्यातली सही आलेली नाही, तिथे मंडपाचा खांब होता. खाली संस्थेचं नाव आलं, देणगीदारांचं आलं, माझ्या नावाला जागा उरली नाही. मॅडमनी फोन करून तीनदा माफी मागितली. म्हटलं, असू द्या, पूर्वजांनी तरी कुठे सह्या केल्यात.

वारा आला की फ्लेक्स भिंतीवर आपटतो आणि मागे मिठाचा भुगा पडतो. पार्बताबाई रोज सकाळी झाडते.

"कशी दिसते, माय?" मी विचारलं, फ्लेक्सकडे बोट करून.

"गोरी," ती म्हणाली.

२ मे

मंगळवारी गाडी आली तेव्हा रागिणी बसायला आली नाही. सोमवारी संध्याकाळी तिला दम लागला, गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. रस्त्यातच गेली. नवरा पुण्याहून बुधवारी पोचला. मी मंगळवारी मशीनला लागलेला होतो, चार तास. शेजारच्या पलंगावर रागिणी असायची, तिथे त्यांनी दुसऱ्या एकाला घेतलं. यादी मोठी आहे.

आज शुक्रवार. परतताना गाडी निंबोळीत थांबवून उतरलो. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावलेला होता, सरपंचांच्या सौजन्याने. रागिणीचा फोटो आधारकार्डावरचा, ताणून मोठा केलेला, आणि तिच्याहून मोठा पुंजारामभाऊंचा, हात जोडलेला.

पार्बताबाई ओट्यावर होती. मी जाऊन खाली बसलो.

"ब्रश हाये का तुयाजोळ?" तिने विचारलं.

ब्रश पिशवीत असतोच, सवय आहे. काळ्या रंगाची डबीही होती, नंबरप्लेटांची.

"तिचं नाव लिही. माह्या घराच्या भिंतीवर नको, मी मेली का थे घर पाडतीन. तिकडं लिही. तुयाच भिंतीवर."

आम्ही दोघं मागे गेलो. फ्लेक्सची खालची कड तिने धरून वर उचलली आणि मी वाकून आत शिरलो. आत सावली होती आणि मिठाचा वास. झिरा नाही, बाया नाहीत, मोराचं शेपूट तेवढं थोडं दिसतं. जिथे पार्बताबाईचा चेहरा होता तिथे हाताने खरवडून जागा केली.

माझ्या पिशवीत दिवसाच्या पाण्याची बाटली होती, एक लिटरची, फिल्टरची. अर्धी शिल्लक. म्हातारीने कडेखालून पाहिलं आणि ओरडली, "थे टाकशीन त पाह्य! थे पे तू." मग स्वतः हापशावर जाऊन वाटीभर पाणी आणलं. मी त्यात काळा कालवला. गोड पाणी मी प्यालो, दोन घोट, ती पाहत असताना.

रागिणी. तीनच अक्षरं. चांगली आली. माझी अक्षरं पहिल्यापासून चांगली.

बाहेर आलो. फ्लेक्सची कड तिने सोडली, ती भिंतीला चिकटली.

"किती दिवस राहीन?" तिने विचारलं.

खोटं बोलणार होतो, जमलं नाही. "दिवाळीपर्यंत, माय. पाऊस मधी आला त आधीच जाईन."

ती ओट्यावर बसली, पदर सारखा केला.

"राहू दे दिवाळीपर्यंत," म्हणाली. "तूबी राह्य तोवर."